अकराव्या खळग्यातला खंडोबा

आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही, आणि त्या वर्षी त्याच चातुर्मासात मी लागोपाठ बावीस दिवस मासळी विकत घेतली. कधी बोंबील, कधी मांदेली, एकदा तर मिशा हलवणारं काहीतरी जिवंतच. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मासळीवाल्या मावशी जे पुढे करतील त्याला मी "द्या" म्हणायचे, कारण माझं लक्ष टोपलीत नव्हतंच. ते मावशींच्या गळ्यात होतं.

पण असं मधूनच सांगून चालणार नाही. आधी पेटी सांगायला हवी.

माझे वडील, आप्पा, डहाणू रोड स्टेशनात पार्सल क्लार्क होते. चिकूच्या मोसमात फलाटावर करंड्यांचे ढीग लागायचे. आशागडच्या रस्त्याला वाडी असलेल्या एका इराणी बाईंचा माल एकदा राहूनच जाणार होता; गार्डाने शिट्टी फुंकलेली आणि हमाल चहाला गेलेले. आप्पांनी बाह्या वर केल्या आणि सगळ्या करंड्या स्वतः डब्यात चढवल्या. दुसऱ्या दिवशी बाई स्टेशनात आल्या आणि त्यांनी आप्पांच्या टेबलावर तांबड्या चामड्याची एक चपटी पेटी ठेवली. "लो दीकरा," त्या म्हणाल्या, "पेटी खाली छे, पण सारी छे." म्हणजे रिकामी आहे, पण चांगली आहे. आप्पांनी ती घरी आणून आईला दिली. आईने उघडून पाहिली. आत मखमल, आणि मखमलीत लहानमोठे अकरा गोल खळगे. "यात नुसती भोकं आहेत," आई म्हणाली, "मी ठेवू काय यात?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आप्पांनी उरलेलं आयुष्य घालवलं, आणि माझंही बरंचसं.

झाकणावर मुकुट होता. सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेत एका राजाचा राज्याभिषेक झाला, त्यासाठी टांकसाळीने नाण्यांचे खास संच पाडले, आणि ही त्यातल्या एका संचाची पेटी. नऊ नाणी चांदीची, दोन सोन्याची: एक गिनी, एक अर्धी गिनी. ही बाजारात चालवायची नाणी नव्हेत, नुसती बघायची. त्यांना प्रूफ म्हणतात. आप्पांची आवडती गोष्ट अशी की नाणी तयार, पाहुणे जमलेले, आणि ऐन वेळी राजाच्या पोटात दुखायला लागलं. ऑपरेशन करावं लागलं, सोहळा पुढे गेला. "म्हणजे बघ," आप्पा म्हणायचे, "राजा तयार नव्हता, नाणी तयार होती. रेल्वेला असे लोक हवेत."

मला बहीण नाही, भाऊ नाही. ही पेटीच माझं धाकटं भावंड, आणि लाड सगळे तिचे. चांदीची पाच नाणी आप्पांनी नोकरीत असताना मिळवली. मला तलासरीच्या सरकारी कचेरीत नोकरी लागली, तेव्हापासून उरलेली चार मी मिळवली, आणि मग अर्धी गिनी. राहिला एकच खळगा, गिनीचा. त्यात आप्पांनी आपल्या सदऱ्याचं बटण ठेवलं होतं, एसटीत जागा धरायला रुमाल टाकतात तसं.

नियम एकच: बोट लावायचं नाही. त्या राज्याभिषेकाची प्रूफ नाणी चकचकीत नव्हती. टांकसाळीने त्यांच्यावर मुद्दाम एक मंद, मखमली पोत दिला होता. जांभळावर धुरकट साय असते आणि नुसतं बोट लागलं तरी पुसली जाते, तसंच हे. आणि एकदा उठलेला ठसा पुन्हा जात नाही. पाचवीत असताना मी एका शिलिंगाला अंगठा लावून पाहिला होता. आप्पांनी मला जन्मात एकदाच मारलं, ते तेव्हा. तो ठसा अजून आहे, राजाच्या नाकासमोर.

हे सोनं चमकत नाही हे लोकांना पटवणं महाकर्मकठीण. अर्धी गिनी मी कचेरीच्या पत्त्यावर मागवली होती, कारण घरच्या पत्त्यावर मागवली असती तर ह्यांनी पाकीट उघडलं असतं आणि मग तोंड उघडलं असतं. पार्सल आलं तेव्हा माझ्या टेबलाभोवती सगळी कचेरी जमली: लेखापाल, शिपाई, दाखल्यासाठी सकाळपासून बसलेली दोन माणसं. मी श्वास रोखून डबी उघडली. लेखापाल वाकून म्हणाले, "मॅडम, फसलात. हे तर मळकं आहे." शिपाई म्हणाला, "थांबा मॅडम, राख आणि लिंबू आणतो, दोन मिनिटांत लख्ख करून देतो." मी अशी किंचाळले की बाहेर झाडाखाली उभे असलेले लोक आत आले. "कोणी हात लावला तर बदली करीन!" बदली करायचा मला कसलाही अधिकार नाही, पण सगळे मागे सरले. दाखलेवाल्या दोघांपैकी एकजण जाताना दुसऱ्याला म्हणाला, "बाईंना सोन्यात नकली माल दिला वाटतं."

असं सगळं मजेत चाललं होतं. मग आप्पांचे डोळे जायला लागले.

आई गेल्यापासून आप्पा आमच्याकडेच असतात. मध्यंतरी नव्या राजाचा राज्याभिषेक टीव्हीवर दाखवला, तेव्हा आम्ही दोघं दुपारपासून ठाण मांडून बसलो होतो. आप्पा मान वाकडी करून, कोंबडी दाणा बघते तशी, बघत होते. संपल्यावर म्हणाले, "मुकुट दिसला. खाली माणूस होता का?" मी हसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वलसाडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत होता. कडेचं दिसतं, समोरचं जातं. इंजेक्शनं झाली, थोडा उपयोग झाला, मग होईना. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी पावसाळा संपता संपता डॉक्टर म्हणाले, "आता आहे ते किती टिकेल सांगता येत नाही." परत येताना आप्पा गाडीत खिडकीतून मागे पळणारी झाडं कडेकडेने बघत होते. मग म्हणाले, "एकदा पेटी भरलेली बघू दे ग. मग जाऊ देत काय जायचे ते दिवे."

मी मुंबईच्या सगळ्या नाणेवाल्यांना फोन केले. एकाकडे होती. त्याने जी किंमत सांगितली ती मी इथे लिहीत नाही, कारण ह्यांना अजून माहीत नाही की मी विचारली होती.

आणि त्याच आठवड्यात, बाजारात मेथीची जुडी घेऊन वळत असताना, ऊन कुठल्यातरी गळ्यावर पडलं.

मावशी धाकट्या डहाणूहून मासळी आणतात. सत्तरीच्या आसपास वय, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात सोन्याच्या मण्यांची माळ, आणि माळेच्या मधोमध कडी लावून लटकवलेली गिनी. गळ्यात गिनी घालणाऱ्या बायका आमच्याकडे नवीन नाहीत. पण मावशी तराजू उचलायला वाकल्या, गिनी हवेत गरकन फिरली आणि मला दाढीवाल्या राजाचं टक्कल दिसलं. तोच राजा! माझ्या हातून मेथी पडली.

साल तेच होतं का? आणि प्रूफ होती, की साधी चलनातली? दहा पावलांवरून कळणं शक्य नव्हतं. जवळ जायचं तर मासळी घ्यावी लागणार. मी घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली. चौथ्या दिवशी पर्समध्ये नाणी बघायचं भिंग टाकून गेले आणि बोंबलाचे कल्ले तपासायच्या मिषाने ते डोळ्याला लावलं. साल तेच! नवव्या दिवशी मला कडीखालचा भाग दिसला. सोनाराने कडी जोडताना जिथे टोपी बसवली होती, तिच्या आडोशाला, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, तो मंद मखमली पोत जसाच्या तसा होता. बाकीचं नाणं घासून घासून लख्ख झालेलं. मी तिथेच "अग बाई" म्हटलं, आणि मावशींना वाटलं बोंबलात काही निघालं.

पुढचे तेरा दिवस मी कशाला गेले ते मलाच सांगता येणार नाही. नुसतं बघायला. मासळी शेजारच्या वहिनींना द्यायचे. पहिल्या आठवड्यात त्या संकोचल्या, दुसऱ्या आठवड्यात त्यांनी भिंतीपलीकडून आवाज द्यायला सुरुवात केली, "आज पापलेट बघा हं, बोंबील फार झाले." हे कोसबाडला शिक्षक होते, शंका घ्यायची सवय त्यांची अजून गेलेली नाही. त्यांनी माझी पिशवी हुंगली आणि शांतपणे विचारलं, "आपल्याकडे कोणी बाळंतीण आहे का, की मांजर?"

तेविसाव्या दिवशी मावशींनी टोपलीवर ओलं फडकं टाकलं, पदर गळ्याभोवती ओढून घेतला आणि म्हणाल्या, "काय गो बाय, तू मासली घ्यायला येतंस का नजर लावायला?"

"नजर नाही हो मावशी."

"मग त्या भिंगातून काय बघतंस? बोंबलाला कोण भिंग लावतं?"

आजूबाजूच्या सगळ्या टोपल्या आमच्याकडे वळल्या. मी खरं सांगितलं. म्हटलं, तुमच्या गळ्यातली गिनी बघते.

"गिनी कुठली? खंडेराय हाय तो."

त्यांनी पदर बाजूला केला आणि बोटाने दाखवलं. गिनीच्या एका बाजूला राजाचं डोकं असतं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक वीर आणि त्याच्या टापांखाली एक अजगरासारखा राक्षस. ती दुसरी बाजू मावशींनी पुढे ठेवलेली. खाचाखाचांत भंडार भरलेला, पिवळाधमक. "हा घोडा. ही तलवार. हा खाली मणी राक्षस. दिसत नाय तुला?"

एकदा सांगितल्यावर दुसरं काही दिसेचना. तरी मी विचारलं, "आणि म्हाळसा?"

"घरी असंल. लढाईला बायकोला कोण नेतं?"

"अंगावर कपडे नाहीत ते?"

"आमचे पुरुष पण दर्यात उघडेच जातात."

"आणि मागच्या बाजूला कोण आहे?"

मावशींनी गिनी उलटी केली, राजाकडे जरा बघितलं आणि परत छातीशी लावली. "तो दाढीवाला? ज्यानं बनवला तो सोनार असंल."

मला हसू दाबता येईना, आणि मावशीही हसल्या. मग त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांची आजेसासू इराण्याच्या बंगल्यावर मासळी पोचवायची. तिला पहिला मुलगा झाला आणि महिन्याभराने ती टोपली घेऊन पुन्हा बंगल्यावर गेली, तेव्हा तिथल्या बाईने पोराला बघून हा तिच्या हातावर ठेवला. पोर जगलं, होडी घेतली, घर झालं. तेव्हापासून खंडेराय सुनेच्या गळ्यात.

"कुठला बंगला?" मी विचारलं.

"आशागडच्या रस्त्याला होता. आता नाय."

बस्स. माझं डोकं फिरलं. तीस वर्षं मी मुंबई पालथी घातली, आणि माझी गिनी चार मैलांवर बोंबलांच्या वासात झुलत होती! काखेत कळसा आणि गावाला वळसा. आनंदाने माणूस किती मूर्ख होतो ते मी त्या दिवशी शिकले. मी भर बाजारात मोठ्याने म्हणाले, "मावशी, हा खंडोबा नाहीच! तो मागचा सोनार नाही, इंग्लंडचा राजा आहे, आणि हा घोड्यावरचा त्यांच्याकडचा कोणी साधू! द्या मला ही गिनी, तुम्ही म्हणाल ते देते."

मावशींनी पदर परत गळ्याभोवती घेतला. "देव इकत नाय आमी," त्या म्हणाल्या. "आणि तुला मासली पण देत नाय. जा."

त्या दिवसापासून त्या ओळीतल्या एकाही बाईने मला मासळी दिली नाही. वहिनी भिंतीपलीकडून हळहळल्या.

आप्पांना सांगितलं तर ते खोकला येईपर्यंत हसले. डोळे पुसत म्हणाले, "दीडशे वर्षं इंग्रज इथे बसले, त्यांना खंडोबा हलवता आला नाही. तू एका सकाळीत निघालीस! देवाकडे ओळखपत्र मागतात का, गाढवे?"

"पण आप्पा, आपल्या पेटीतलीच असेल ती. त्याच रस्त्यावरचा बंगला."

"त्या रस्त्याला बंगले पुष्कळ होते." मग म्हणाले, "पण बाई तशाच होत्या हं. हाताला येईल ते वाटत सुटायच्या. मला तिथे बसवून कितीदा केळीच्या पानात वाफवलेली पातरानी मच्छी खाऊ घातली." आणि एकदम थांबले. माझी आई जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी त्यांनी दाराकडे बघितलं.

दिवाळी झाली. आप्पांनी कप टेबलावर ठेवायच्या ऐवजी हवेत ठेवला आणि फुटल्यावर टेबलावरच चिडले. मला रडू आलं. रडू आलं की मला राग येतो, आणि राग आला की मी सरळ चालायला लागते. तशीच बाजारात गेले. दुपार झाली होती, मावशींची टोपली रिकामी होती, त्या पाय लांब करून बसल्या होत्या. मी भिंग घरीच ठेवलं होतं. त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. मला विकत नको. माझ्या वडिलांचे डोळे चाललेत, आणि त्यांना एकदा तो बघायचाय." आणि पेटीची सगळी गोष्ट सांगितली, बटणासकट.

मावशींनी बटणाचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग आधी बोलायचं ना. दर्शनाला कोण नाय म्हणतं? पण गळ्यातून काढत नाय मी. वर्सातून एकदाच काढायचा, चंपाषष्ठीला, धुवायला. तेवा आण म्हाताऱ्याला."

चंपाषष्ठीला जवळजवळ महिना होता. आप्पांनी तो महिना परीक्षेसारखा घेतला. खोलीत रोज पान फाडायचं कॅलेंडर आहे, मोठ्या आकड्याचं. रोज सकाळी ते त्याच्यासमोर मान वाकडी करून उभे राहायचे आणि मोठ्याने तारीख वाचायचे. "आज अठरा! दिसतंय, दिसतंय." मी स्वयंपाकघरातून "शाब्बास" म्हणायचे. चंपाषष्ठीला आठवडा राहिला असताना ते म्हणाले, "आज वीस!" आणि मी पोळी तव्यावर टाकून सहज बाहेर आले तर भिंतीवर अठरा होते. दोन दिवस मी पान फाडायला विसरले होते. आप्पा दिवस मोजून सांगत होते. कधीपासून, कोण जाणे. मी "शाब्बास" म्हटलं आणि आत जाऊन करपलेली पोळी काढली.

चंपाषष्ठीला आप्पांनी रेल्वेचा जुना काळा कोट घातला. रिक्षात मध्ये ते, मांडीवर पेटी. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हे, "पाय घसरला तर धरायला" म्हणून आलेले. धाकट्या डहाणूत शिरताना काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला आणि आप्पांनी डोळे मिटून असा खोल श्वास घेतला की ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण मावशींच्या घरी त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी होती. "आज आमच्यात पण वांगंच," मावशी म्हणाल्या. आप्पा माझ्या कानाशी कुजबुजले, "हे काय ग नशीब!"

देवापुढे परातीत दूध. मावशींनी माळ गळ्यातून काढली, तेव्हा त्यांचा गळा एकदम कोणा दुसऱ्याचाच वाटला. त्यांनी रिठ्याच्या पाण्याने गिनी चोळली, चांगली खसाखसा. पण मी जीभ दाताखाली धरली. मग दूध, मग पाणी, मग भंडार. "येळकोट येळकोट," मावशी म्हणाल्या, आणि माळ आप्पांसमोर धरली. "घ्या बाबा. बघा."

आप्पांनी मान डावीकडे वाकडी केली. मग उजवीकडे. खाली, वर. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काही दिसत नव्हतं. ते हसत होते, कोणी वाईट वाटून घेऊ नये म्हणून हसतात तसं, आणि म्हणाले, "वा! छान आहे हो. फारच छान."

"लांबून काय कळतं?" मावशी म्हणाल्या, आणि माळ सरळ त्यांच्या हातात कोंबली.

आप्पांचा हात चटका बसल्यासारखा मागे गेला. साठ वर्षांची सवय. "बोट नाही लावायचं," ते म्हणाले.

"देवाला हात नाय लावायचा तर कोणाला लावायचा?"

त्यांनी अंगठा गिनीवर ठेवला. हळूहळू फिरवला. "घोडा," ते म्हणाले. "हा पाय वर उचललेला. ही तलवार. हा राक्षस, शेपटी इथून अशी." मग उलटून, "ही दाढी. अरे, झिजलास की रे राजा! कोणाकोणाच्या काळजाला घासलास?" आणि ते इतके हसायला लागले की त्यांच्या कोटावर भंडार सांडला. "पोरी, दिसतोय! सगळा दिसतोय!"

मी पेटी उघडली. बटण काढून आप्पांच्या खिशात टाकलं. गिनी खळग्यात बसली, पण कडीमुळे जरा तिरकी, आणि उरलेली सगळी माळ पेटीच्या बाहेर लोंबत राहिली. झाकण लागणं शक्यच नव्हतं. पेटी भरली होती. आप्पांनी मखमलीवरून बोट सरकवलं, गिनीपासून शेजारच्या अर्ध्या गिनीकडे, आणि नाण्याच्या वर, केसभर अंतरावर, ते थांबलं. आमच्या पेटीतल्या बाकीच्या नाण्यांना कडी नव्हती, भंडार नव्हता. त्या दहा नाण्यांवर जगात फक्त एक ठसा होता.

"लावा," मी म्हटलं.

"वेड लागलंय का? सगळं जाईल. दहाच्या दहा."

"जाऊ दे. लावा म्हणते ना!" मी ओरडलेच, कचेरीत ओरडले होते तशी. हे काहीतरी बोलणार होते. मी त्यांच्याकडे बघितलं, तसे ते भाकरीकडे वळले.

आप्पांनी लावलं. पिवळ्या बोटाने अर्धी गिनी, मग मोठा क्राउन, हाफ क्राउन, फ्लोरिन. प्रत्येकाचं नाव घेत, प्रत्येकाला ओळखत, मधेच हसत, "हे मी पहिल्या बोनसात आणलं होतं," "हे आणलं तेव्हा तुझी आई दोन दिवस बोलली नव्हती." मावशींना वाटलं ही पण देवाचीच मंडळी, म्हणून त्या मागून येऊन प्रत्येकावर चिमूटभर भंडार टाकत गेल्या. मला इतकं हसू यायला लागलं की पेटी हातात थरथरत होती.

मग शिलिंग आलं. मी त्यांचा अंगठा धरला आणि नीट जागेवर टेकवला. "इथे, आप्पा. राजाच्या नाकासमोर."

त्यांना कळलं. अंगठा त्यांनी हलवला नाही. मग विचारलं, "फार लागलं होतं का ग?"

"लागलं होतं तर!" मी म्हटलं. "चांगलं लागलं होतं."

"मग बोलली का नाहीस कधी?"

मावशींनी आमच्यापुढे भरीत-भाकरीची ताटं ठेवली. जेवण झाल्यावर त्यांनी माळ पुन्हा गळ्यात घातली, आणि आप्पांनी खिशातून बटण काढून परत अकराव्या खळग्यात ठेवलं. ते आता पिवळं आहे, आणि पेटीतली बाकीची दहाही.